शेजारच्या आकड्यावरचं शिराळं

आकडा रिकामा असेल असं धरूनच मी मान वर केली, आणि तिथे शिराळं होतं.

वाळून तपकिरी झालेलं, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढं लांब. देठाला काथ्याची दोरी. खालच्या तोंडाला हिरव्या काठाची चिंधी, दोन वेढे देऊन घट्ट बांधलेली. वैशाखातली दुपार होती. शिळफाट्यावरून ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते, पण चाळीत माणूस नव्हतं. दारं काढून नेली होती, खिडक्या नेल्या होत्या, नळाच्या तोट्यासुद्धा सोडल्या नव्हत्या. फक्त गॅलरीच्या वाशांना ठोकलेले लोखंडी आकडे कुणाला न्यावेसे वाटले नव्हते. प्रत्येक दारापुढे एक. सगळे रिकामे, हा एक सोडून. आणि हा होता हलीमाखालाच्या दारापुढचा, म्हणजे जिथे ते शिराळं कधीच नसायचं, नेमका तिथला.

मी चवड्यांवर उभी राहून त्याला बोट लावलं. ते हललं आणि आतून आवाज आला. खुळखुळ.

लहानपणी मी या आवाजात झोपायचे. घाटातून वारा उतरला की आमची सगळी गॅलरी वाजायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पाळण्यातल्या पोरांना वेगळा खुळखुळा आणावा लागत नसे.

बाजारात ज्याला दोडका म्हणतात, त्याला आम्ही शिराळं म्हणतो. कोवळं असताना भाजी, शिरा काढल्या तर त्यांची चटणी. आणि वेलावरच राहू दिलं तर ते वाळून हलकं होतं, आत काळ्या बिया सुट्या होतात. त्याच्या खालच्या टोकाला एक टोपण असतं, पूर्ण वाळलं की ते गळतं आणि बिया भुईवर सांडतात. म्हणून बियाण्याच्या शिराळ्याच्या तोंडाला चिंधी बांधायची. चिंधी बांधली की ते खायचं नाही, तोडायचं नाही, आणि त्याबद्दल विचारायचं तर मुळीच नाही.

हे 'विचारायचं नाही' नीट सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच झाला.

*

कारखान्याच्या तीन चाळी होत्या. आमची मधली. चाळीच्या मागे कारखान्याची उंच भिंत, आणि चाळ व भिंत यांच्यामध्ये जमिनीची एक पट्टी. त्या पट्टीत प्रत्येक खोलीचा एक वाफा. भिंत कारखान्याची होती, तिच्यावर चढलेले वेल आमचे होते. हे वाक्य मी शाळेत 'माझे घर' या निबंधात लिहिलं होतं आणि बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली होती. बाबांनी ती रेघ बघून मला जवळ घेतलं आणि शाबासकी दिली.

बाबा युनियनची पत्रकं लिहायचे. आमच्या खोलीत खाटेखाली, कपाटावर, माळ्यावर, सगळीकडे उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे. गुलाबी, पिवळा, पोपटी कागद. शाईचा तो थोडासा रॉकेलसारखा वास अजून कुठे आला तर मी थांबते. चाळीतल्या बायकांना बियांच्या पुड्या बांधायला कागद लागायचा आणि आमच्याकडे कागदाचं कोठार. पहिल्यांदा बाबा चिडले होते म्हणे. कामगारांच्या मागण्यांत मिरचीचं बी? पुढे मात्र छापखान्यात जाताना तेच आईला विचारायचे, "वालाला किती लागतील? थोडी जास्तच छापून घेतो."

मी वाचायला शिकले ती या पुड्यांवर. मिरचीच्या पुडीवर 'आम्ही दबणार'. पुढचं 'नाही' घडीच्या आत. भेंडीच्या पुडीवर 'बेमुदत'. बरेच दिवस मला भेंडीचंच दुसरं नाव बेमुदत आहे असं वाटत होतं, आणि मी ताटात भेंडी बघून तोंड वाकडं करत म्हणायचे, "आज पण बेमुदत?" बाबा घास थांबवून हसायचे.

आमच्या उजव्या हाताला हलीमाखाला. तिचे यजमान, आमचे खालू, कारखान्याचं कँटीन चालवायचे. खालाचं माहेर खाडीकाठी. लग्नात तिच्या आईने ओढणीच्या टोकाला गाठ मारून शिराळ्याचं बी दिलं होतं. पुढे ती माहेरची वाडीच राहिली नाही. तिथलं जे काही उरलं ते आमच्या चाळीमागच्या भिंतीवर चढत होतं. ते शिराळं लांब, बारीक, आणि शेवटपर्यंत कडू न होणारं. खाला त्यात सोडे घालायची. सुकवलेल्या कोलंबीचा आणि लसणाचा वास गॅलरीत आला की आमचं शाकाहारी जेवण एकदम गरीब वाटायचं.

डाव्या हाताला सुमनकाकी. कर्जतच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला तिचं गाव, घरात भातशेती. तिचं बी म्हणजे वाल. आणि आमचं, म्हणजे माझ्या आईचं, तांबड्या माठाचं.

आता नियम. आपलं बियाणं आपल्या घरात ठेवायचं नाही. कुणी सुरू केलं ते ठाऊक नाही, पण तिन्ही चाळींत हेच चालायचं. खालाचं शिराळं सुमनकाकीच्या आकड्याला. सुमनकाकीचा वाल आमच्या घरात, राखेत घोळून डब्यात. आमचा माठ खालाकडे, एका रिकाम्या अत्तराच्या बाटलीत. माठाचं बी खसखशीएवढं, त्याला बाटलीच बरी. दर वर्षी आईचा माठ उगवायच्या आधी मातीतून दोन दिवस हिना अत्तराचा वास यायचा. आई म्हणायची, "आपला माठ लग्नाला निघालाय."

मी एकदा खालाला विचारलं, आपलं आपल्याकडे का नाही ठेवायचं?

"आपलं बी आपल्या घरात ऱ्हात नाय, बाय. पोटाला कळतं ते कुठं हाय."

"आणि दुसऱ्याच्या पोटाला कळत नाही?"

"दुसऱ्याची ठेव खाल्ली तर पचत नाय." मग डोळे मिचकावून पुढे, "सुमनला तर पानी पन पचत नाय."

"ऐकतेय गं मी," पलीकडून काकी.

"ऐकावं म्हनूनच बोलते."

पण ठेवीबद्दल विचारायचं नाही. माझं शिराळं ठीक आहे ना, उंदीर नाही ना लागला, असं विचारलं की विश्वास नाही असा अर्थ व्हायचा. खाला रोज काकीच्या दारावरून पाणी भरायला जायची, डोक्यावर तिचंच शिराळं खुळखुळत असायचं, आणि ती वर बघायचीसुद्धा नाही. लहानपणी मला हे विचित्र वाटायचं. मी टक लावून बघत बसायचे, आज तरी बघेल. नाही.

*

अक्षय्य तृतीयेच्या आसपास एक संध्याकाळ बी फिरवायची असायची. पहिल्या पाळीचा भोंगा होऊन गेलेला, गॅलरीत सतरंज्या पसरलेल्या, करवंदांचे द्रोण फिरणारे, सगळ्यांची बोटं चिकट. ज्याच्याकडे ज्याची ठेव, ती आणून मध्ये ठेवायची. मग वाटप. पेरण्यापुरतं मालकिणीने घ्यायचं, उरलेलं कुणीही. पुड्या सुटायच्या, पुड्या बांधल्या जायच्या, मागण्यांच्या कागदांवर बिया सांडायच्या. कुणी 'आभारी आहे' म्हणायचं नाही. काहीतरी हिणवून बोलायचं, ही रीत.

"हे वाल का खडे?"

"शिजवायला येतंय कुनाला तुमच्यात?"

"माठ दे गं, गेल्या वर्सी तुजा माठ आमच्या बकरीनं पन हुंगून सोडला."

आणि पुडी मात्र पदराच्या टोकाला गाठ मारून जायची.

मग पावसाचे महिने. मला त्यातली आठवते ती भिंत. सिमेंटची राखाडी भिंत महिन्याभरात दिसेनाशी व्हायची. संध्याकाळी शिराळ्याची पिवळी फुलं उमलायची. इतर फुलं मिटायच्या वेळेला ही जागी होतात, म्हणून दुसऱ्या पाळीला जाणारे लोक त्यांना 'सेकंड शिफ्ट' म्हणायचे. त्या फुलांचा वास अगदी पुसट, पण भिंतभर फुलं असली की गॅलरीत कळायचा. भोंगा, भुंगे आणि काकीच्या रेडिओवरच्या बातम्या. पहिलं चांगलं शिराळं दिसलं की खाला स्टुलावर चढून त्याला चिंधी बांधायची. त्या दिवसापासून ते शिराळं तिचं नसायचं.

थंडीत सुमनकाकीच्या वालाच्या शेंगा भरायच्या आणि पट्टीतच पोपटी लागायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा, वर पुन्हा पाला. मडकं उपडं आणि भोवती जाळ. काकी त्या दिवशी हिरव्या काठाचं लुगडं नेसायची, मुलीच्या लग्नातलं. जाळाची ठिणगी उडेल म्हणून सगळे ओरडायचे आणि ती म्हणायची, "उडू दे. वरसातनं एकदा तर नेसते." मडकं फुटलं की भांबुर्ड्याच्या त्या उग्र, हिरव्या, थोड्या कडवट वाफेत सगळ्यांचे चेहरे नाहीसे व्हायचे. बाबा शेंग सोलता सोलता भाषण सुरू करायचे. "मित्रहो," एवढं झालं की कुणीतरी त्यांच्या तोंडात बटाटा कोंबायचं.

मी पुढे बाबांसारखीच झाले. पत्रकं लिहिते, सभा घेते, भांडते. वर चकचकीत चित्र छापलेल्या पाकिटातलं बी, जे यंदा उगवतं आणि त्याचं पुढच्या वर्षी तसंच उगवत नाही, त्याच्या विरुद्ध मी तावातावाने लिहिलेलं आहे. बियाणं कुणाच्या मालकीचं, हा प्रश्न मी सभांमधून मोठ्या आवाजात विचारते. पण मला तो प्रश्न सुचला तो त्या गॅलरीत, जिथे तो कुणी विचारतच नव्हतं. हे ऋण मी मान्य करते आणि ते फिटावं असं मला वाटतही नाही.

*

मग चाळ रिकामी झाली. कशी, का, ते इथे नको. भोंगा वाजायचा थांबला आणि काही वर्षांनी माणसंही निघाली, एकदम नाही, एकेक करून, कुणी पहाटे तर कुणी भर दुपारी.

आम्ही आधी निघालो, कर्जतला. आईने जाताना वालाचा डबा काकीच्या हातात दिला. मग खाला निघाली, नेरळला, मुलाच्या, सलीमदादाच्या फ्लॅटवर. ती निघाली तेव्हा काकी गावाला गेलेली. परत आली तर खालाच्या दाराला कुलूप. थोड्याच दिवसांत काकीही गावी राहायला गेली.

त्यानंतर तीन पावसाळे झाले. या तीन पावसाळ्यांत मी दोघींनाही भेटत होते, आणि दोघींचं बोलणं मला ऐकू येत होतं, न बोललेलंही.

खाला म्हणायची, "सुमनचं बरं हाय. जमीन हाय तिला. शिराळ्यांचा मांडव घातला असंल." आणि मग उगाच ओटा पुसायला लागायची.

काकी एका लग्नात आईला म्हणाली, "हलीमा काय, मोठ्या बिल्डिंगीत गेली. शिराळी लावत असंल गच्चीवर. एकदा तरी धाडावं मानसानं."

प्रत्येकीला वाटत होतं, बी दुसरीकडे आहे. आणि विचारायचं नाही हा नियम दोघी जिवापाड पाळत होत्या. खालाच्या आईचं बी कुठेच उगवत नव्हतं, आणि चाळीस वर्षांचं शेजारपण एका न विचारलेल्या प्रश्नावर सुकत चाललं होतं. मला काहीतरी चुकतंय असं वाटायचं, पण काय ते कळत नव्हतं. चाळ पाडणार असं कळल्यावर खालाचा फोन आला, "एकदा बघून ये गं. माज्या मोरीपाशी लिंबाचं झाड व्हतं, ते हाय का बघ."

झाड नव्हतं. शिराळं होतं. तिच्याच दारापुढे, तिच्याच आकड्याला. आणि तोंडाला बांधलेली चिंधी हिरव्या काठाची.

मी ते दोरीसकट उतरवलं. वरच्या अंगाला उंदराने कुरतडून भोक पाडलं होतं. मी त्या भोकावर हात धरला आणि तसाच धरून शिळफाट्यापासून नेरळपर्यंत गेले.

*

खाला चौथ्या मजल्यावर राहते. दार उघडून तिने आधी माझा चेहरा बघितला, मग हात. शिराळं घेतलं, खिडकीपाशी उजेडात नेलं आणि बियांच्या आधी चिंधीवर बोट फिरवलं.

"चांगलं लुगडं फाडलंन् गं हिनं," ती म्हणाली.

मी सांगितलं, तुझ्याच आकड्याला होतं. खाला खाली बसली. शिराळं मांडीवर घेऊन म्हणाली, "फोन लाव तिला."

मी स्पीकर चालू केला. पलीकडे कोंबड्यांचा आवाज, मग काकीचा. "हॅलो, कोन?"

"तुजी सवत."

क्षणभर फक्त कोंबड्या. मग, "मेली नायस अजून?"

"तुला सांगितल्याबिगर मरन व्हय? आनि काय गं सुमे, माजं शिराळं माज्याच दाराला टांगून गेलीस?"

"मग? गावासनं आले तर तुजं कुलूप. परक्याची ठेव गावाला कशी नेऊ? नवी चिंधी बांधली, तुज्या दाराला लावलं. म्हनलं कपाट न्यायला येशील, वर बघशील, घेऊन जाशील."

"कपाट न्यायला सलीम आला टेंपो घेऊन. त्यानं कदी वर बघितलंय? आनि मी आले असते तरी माज्या आकड्याकडं कशाला बघंन? माजं बी माज्या दाराला कदी असतं?"

"तू घर सोडून गेलीस. मग ते दार तुजं कुठं ऱ्हायलं?"

खालाने शिराळं एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"तीन वर्सं," ती म्हणाली, "मी म्हनते, सुमन शिराळी खाते आनि मला एक धाडत नाय."

"आनि मी म्हनते हलीमा सोडे घालून खाते, आनि आमची आठवन नाय."

"बिनशिराळ्याचे सोडे खाल्ले गं मी. बटाट्यात घालून."

"बटाट्यात!" काकीला असं हसू फुटलं की फोन खरखरला. "सोडे, बटाट्यात! अगं बाय बाय बाय."

खालाही हसत होती आणि ओढणीने डोळे पुसत होती.

"एकदा विचारायचं व्हतंस," काकी म्हणाली.

"तू विचारायचं व्हतंस."

मग दोघी जवळजवळ एकदमच म्हणाल्या, "विचारायचं नसतं."

फोन ठेवून खालाने काचेच्या ग्लासात पाणी घेतलं. चिंधी सोडली, ती घडी करून चोळीत ठेवली. बिया ताटलीत काढल्या. अर्ध्याहून जास्त उंदराने पोखरलेल्या, नुसती टरफलं. उरलेल्या तिने पाण्यात टाकल्या. चांगलं बी बुडतं, पोकळ तरंगतं. सगळ्या तरंगल्या. तिने बोटाने एक बी खाली दाबलं, ते वर आलं. दुसरं दाबलं, तेही वर आलं. मी ग्लासापाशी डोळे नेऊन बसले होते. माझ्या सगळ्या घोषणा त्या वेळी कुठे गेल्या होत्या कोण जाणे, मी नुसती मनात म्हणत होते, जा ना खाली, जा ना.

"घाई नाय," खाला म्हणाली. "तीन वर्सं निजली व्हती. जागी व्हायला येळ लागंल."

चहा झाला. ग्लासाकडे बघितलं तर तळाशी काळ्या बिया होत्या. मूठभर नाही, चिमूटभर.

त्या चिमटीचे खालाने तीन वाटे केले. सुमनला, माझ्या आईला आणि एक इथे पेरायला. मग कपाटातून अत्तराची बाटली काढून माझ्या पुढ्यात ठेवली. आमचा माठ. तीन वर्षं तिने तो सांभाळला होता. जिथे वाफा नाही, माती नाही अशा घरात, दर उन्हाळ्यात खिडकीत ऊन दाखवून. "तुज्या आईनं कदी विचारलं नाय," ती समाधानाने म्हणाली. "आता घेऊन जा. मी आता शेजारीन नाय तुमची. तिकडं कर्जतला कोनाकडं तरी ठेव." मी बूच उघडलं आणि हिनाचा वास आला. मी पिशवीतून पिवळं पत्रक काढून त्यात माठ ओतला आणि पुडी बांधली. तोंडाने काहीतरी हिणवायला हवं होतं, रीतीप्रमाणे. मला जमलं नाही.

सोसायटीच्या फळ्यावर सूचना होती, खिडकीच्या जाळीत कुंड्या ठेवू नयेत. खाली हिरवळ मखमलीसारखी कापलेली, तिच्यावर पाय ठेवायचीही मनाई. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, खाला, मी पत्रक लिहिते. माती कुणाच्या बापाची नाही. शंभर प्रती काढते, प्रत्येक दाराखालून सरकवते.

"लिही, लिही," ती म्हणाली. "आदी तो रंगाचा रिकामा डबा आन गॅलरीतला."

*

आईच्या वाट्याच्या बिया उगवल्या नाहीत. काकीकडे उगवल्या, वेल हातभर झाला आणि बकरीने खाल्ला. काकीने फोनवर बकरीला ज्या शिव्या दिल्या त्या मी कुठल्याही पत्रकात छापू शकणार नाही. उरला तो रंगाच्या डब्यातला वेल. तो जाळीतून वर गेला, पाचव्या मजल्याला लागला, सहाव्याला लागला. तक्रार येईल म्हणून मी बाह्या सरसावून बसले होते. तक्रार आली नाही. पाचव्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटली आणि लाजत म्हणाली, "तुमची दोन शिराळी आम्ही काढली हो. राहवलं नाही." खाला मला म्हणाली, "बघ. पत्रक पोचलं."

त्या वेलावरच्या एका शिराळ्याला हिरव्या काठाची तीच चिंधी बांधली गेली. कार्तिकात ते वाळलं. आणि मग प्रश्न आला की ठेवायचं कुठे.

"तुजं शिराळं माज्याकडं धाडू नको," काकीने फोनवर आधीच सांगितलं. "मी आता शेजारी नाय ऱ्हायले, लांबची झाले. शेजार बघ तिथंच. बी फिरवायच्या टायमाला मला दे."

शेजार कुठून आणायचा? तीन वर्षांत खालाला समोरच्या दारावरची पाटी पाठ झाली होती, आत कोण आहे ते माहीत नव्हतं. एका रविवारी ती ओढणी सावरून निघाली, हातात शिराळं. मी मागे. बेल वाजवली. दार उघडलं ते माझ्याच वयाच्या एका मुलीने, कडेवर मूल, केस अर्धे विंचरलेले. तिचं नाव भाग्यश्री, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

"वर्गणी का?" तिने विचारलं.

"नाय गं. तुज्याकडं छताला आकडा हाय का?"

"काय?"

"आकडा, आकडा. टांगायचा."

"पाळण्याचा आहे. पण हा आता पाळण्यात झोपत नाही." तिने शिराळ्याकडे बघितलं. "हे काय, दोडका? वाळून गेलाय की हो."

"वाळवलाय. ह्यात बी हाय. तुज्याकडं ठेव उन्हाळ्यापातूर."

"तुमच्याकडे जागा नाही का?"

"जागा हाय. पन माज्याकडं ऱ्हानार नाय."

भाग्यश्री आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. "मावशी, मी पहाटे कामाला जाते, रात्री येते. माझ्याकडून काही झालं तर? हरवलं, तुटलं तर?"

खालाने शिराळं पुढे केलं. कडेवरच्या मुलाने हात घातला, ते हललं आणि वाजलं. तो दचकला, मग खदखदून हसला आणि पुन्हा हात घातला.

"तर काय," खाला म्हणाली. "मी विचारनार नाय."

पुढच्याच आठवड्यात भाग्यश्री दारात आली. गावाहून, बार्शीकडून, तिच्या सासूने अंबाडीचं बी दिलं होतं. "हे माझं. तुमच्याकडे राहू दे," ती अवघडून म्हणाली, जणू असंच म्हणायचं असतं ना, हे तपासत. खालाने अत्तराची रिकामी बाटली काढली. अंबाडीच्या बिया तोंडातून एकेक करून आत सोडाव्या लागल्या.

"अंबाडी म्हंजे ती आंबट?" खालाने नाक मुरडून विचारलं. "खातं का कोन?"

भाग्यश्रीचा चेहरा पडला. मी तिला हळूच सांगितलं, आमच्याकडे याला आभार म्हणतात.

परवा मी नेरळला गेले होते. संध्याकाळी माथेरानच्या अंगाने गार वारा उतरला. आम्ही चहा पीत होतो. समोरच्या घराची खिडकी उघडी असावी, कारण दोन बंद दारांच्या पलीकडून तो आवाज आला. खुळखुळ. माझा हात कपासकट थांबला. मी उठलेच, दार उघडून बघावं म्हणून.

खालाने मानही वर केली नाही. बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"बस खाली," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या घरात काय वाजतं ते बघायला जाऊ नये."